छत्रीखालचा भाऊ

मंगल कार्यालयात, चांगल्या पक्क्या छपराखाली, काळी छत्री उघडून बसलेला माणूस दिसला की समजायचं, हा आमचा विश्वजित. माझ्या भावाचा, बाळासोचा पोरगा, मी त्याची आत्ती. कसबा बावड्यात त्याचा साउंडचा धंदा. आणि छत्री त्याच्या डोक्यावर न्हवती बरं का, कॉम्प्युटरवर हुती. हा बिचारा तिच्या काठाला, अर्धा आत अर्धा भाईर.

आता छत्री कशाला, ते ऐका. नुसती गाणी वाजवायचा तवा पोरगं सुखी हुतं. गाणं लावायचं आन् चहाला जायचं. मग दोन हजार सहाच्या आसपास लोकांना पडदा पायजे झाला. कॅमेऱ्यातलं लग्न, ल्हानपणीचे फोटो, गाण्याचा व्हिडिओ, सगळं एकात एक मिसळून. तिथं मशीन दमलं. गाणं गारगोटीत पोचायचं आन् चित्र अजून बावड्याच्या नाक्यावरच.

"आत्ती, गाण्याला ताकद लागत न्हाय, चित्राला लागती. दोन चित्रं मिसळली की ह्याला धाप लागती."

"मग दूध पाज की त्याला!"

मशीन तापायचं म्हणून त्यानं डब्याचा एका बाजूचा पत्रा काढूनच टाकला. उघड्या डब्यात अक्षता पडाय लागल्या. एका लग्नात आतल्या पंख्यातच आडकल्या आन् मशीन बंद. तवापासनं छत्री. माऊसवरचा हात तर काढायची सोयच न्हाय. घडीघडीला चित्र मागं पडायचं, हा त्याला ढकलत गाण्याजवळ आणायचा. इतकी लग्नं केली, पंगतीला एकदा बसला न्हाय. माझ्या वळखीतलं लग्न असलं की मीच द्रोणातनं जिलबी न्यायचो. "आ कर," म्हटलं की पडद्यावरची नजर न काढता आ करायचा. दाव्याला बांधलेलं वासरू बरं, ते निदान खुंट्याभोवती फिरतंय तरी.

आन् मग त्याच्या भणीचं, वर्षाराणीचं लग्न ठरलं. बाळासो आधीच गेलेला. आन् होमापाशी नवऱ्याचा कान पिळायचा मान तर ह्या एकट्या भावाचा. बारकी असल्यापासनं वर्षी ह्याच्याशी भांडली की हा म्हणायचा, "थांब, तुझ्या नवऱ्याचा कान असा पिळतो का न्हाय बघ!" त्या एका कानासाठी पोरगं इतकी वर्षं थांबलं हुतं. पण नवरदेव कृष्णात गारगोटीचा, त्याच्या घरच्यांनी गावभर सांगून ठेवलेलं, नवरीचा भाऊ पडद्यावर लग्न दाखवतोय म्हणून. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी बोलव.

"घरात मशीन असताना दुसऱ्याचं? बावड्यात तोंड दाखवू का नको?"

झालं. बसला छत्रीखाली.

लग्न लागलं. होम पेटला. भटजींनी हाक मारली, "नवरीचा भाऊ या." विश्वजित अर्धा उठला, चित्र मागं पडलं, परत बसला. दुसरी हाक आली. परत उठला, परत बसला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. कृष्णातची आई वरडली, "अवं, पडदा आडकतोय की!" आन् भटजी म्हणाले, "चुलतभाऊ असंल तर तोही चालतो."

मी मांडवातनं विश्वजितकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. माऊस तेवढा घट्ट धरला.

वर्षीनं ते ऐकलं मात्र, उठली की ताडकन. उपरण्याची गाठ बांधलेली, तवा मागनं कृष्णात खेचला गेला.

"अहो, होम इथं आहे!" भटजी.

"असू दे की. होम हलत न्हाय, पण कान हलतोय!"

सगळं कार्यालय बघत राहिलं. कॅमेरावाला मागनं पळतोय. वर्षीनं नवऱ्याला छत्रीपाशी नेऊन उभा केला. "दादा, कान आणलाय. पिळ."

"वर्षे, चित्र जाईल."

"जाऊ दे."

डाव्या हातानं धरला त्यानं कान. वर्षी म्हणाली, "असा व्हय? बारकी हुतो तवा तर दोन्ही हातानं दावायचास." मग त्यानं उजवा हात बी माऊसवरनं काढला आन् पिळला असा, की कृष्णात वरडला, "आयोऽ, पावणं, सोडा की!"

मशीन तिथंच आडकलं. गाणं फुडं गेलं, पडद्यावर मात्र तेच चित्र: कृष्णातचं उघडं तोंड, वर्षीचं हसू, आन् छत्रीच्या काठाला विश्वजित. दुसऱ्यांची इतकी लग्नं दावली, पडद्यावर सोता कधी आला न्हवता.

तो मशीन परत चालू कराय वाकला. वर्षीनं वायरच उपसली... म्हणजे माऊसची. पडदा तसाच राहिला, पंगती उठल्या तरी. कृष्णातची आई बी शेवटाला म्हणाली, "ऱ्हाऊ दे, ब्येस दिसतोय माझा ल्योक."

विश्वजितला मधी बसवून जेवाय घातलं. ताटात जिलबी वाढली. पोरगं ताटाकडं बघत बसलं. उजवा हात मांडीवर, बोटं माऊस धरल्यागत वाकडी.

"आ कर," मी म्हटलं.