गायीसमोर रिकामं तोंड
गरम पोळीवरच्या तुपाचा वास आला की मला सत्तर सालाच्या आसपासचं, चाळीसगावातल्या शेजारच्या मारवाडी काकूंचं अंगण आठवतं. सकाळची पहिली पोळी त्या आपल्या गायीला भरवायच्या आणि तिथेच बसून स्वतःची खायच्या. जैनांच्या पर्युषणात त्यांनी उपवास धरले, तर गायीनं पोळीच काय, चाराही सोडला. गुरांच्या डॉक्टरांना आजार सापडेना. आईनं विचारलं, "अक्का, गायले बी उपास शे का?"  मग काकूंनी पोळी गायीपुढे धरून घास चावल्यासारखं रिकामंच तोंड हलवलं. गायीनं जरा वेळ त्यांच्या जबड्याकडे पाहिलं आणि पोळी ओढून घेतली. तिला काय कळलं, कोण जाणे. परवा आमच्या आजारी कुत्र्यानं भाकरी नुसती हुंगून सोडली, तेव्हा घरातलं कोणी बघत नाही ना हे पाहून मीही त्याच्यासमोर बसून रिकामं तोंड हलवलं.