पदरात बांधलेलं चुंबक

खऱ्या स्टीलला चुंबक चिकटतंच, असं मी भर दुकानात दहा बायांदेखत ठासून सांगितलं होतं. थोरल्या लेकीचं लग्न ठरलेलं. गोरेगावच्या बाजारात भांडी घ्यायला गेले ती बिघडल्या रेडिओतलं चुंबक पदरात बांधून. नव्वदच्या दशकात एवढी शहाणी बाई पंचक्रोशीत दुसरी नव्हती!

दुकानदार चाचा म्हातारे, सरळ मनाचे. म्हणाले, "भाभी, चिकटत न्हाई ते घ्या. त्यात निकेल हाय."

"असंल! पन लोखंडाचा जीव असंल तर चिकटंलच की."

चिकटणारीच भांडी निवडली. वर चाचांनी बदलू नयेत म्हणून उभ्या उभ्या लेकीचं नाव कोरून घेतलं. परत द्यायची वाटही मीच बुजवली.

दिवाळीला लेक आली ती तोंड पाडून. चिंचेच्या आमटीच्या पातेल्याला तांबूस ठिपके, मिठाच्या डब्याचं बूड खरबरीत. "आई, सासूबाई पाव्हण्यांपुढं माझी भांडी काढतच न्हाईत."

हे मात्र लागलं. दुसऱ्याच दिवशी चाचांकडं गेले. नाव कोरलेली भांडी ते कशी घेणार? पण शिकवलं बराबर. लोखंडात क्रोमियम घातलं की गंजाला आळा बसतो. जोडीला निकेल पडलं की आंबट-खारटालाही भांडं दाद देत नाही, पत्रा साच्यात दाबून खोल भांडं ओढलं तरी चिरत नाही. दूध डेअरीच्या टाक्या तसल्याच. आणि गंमत अशी, निकेल एकटं असलं तर चुंबकाला चिकटतं! क्रोमियमसंगं लोखंडात पुरतं मुरलं, की लोखंड नि निकेल दोघंही चुंबकाला ओळख देत नाहीत.

घरी येऊन माझ्याच फडताळातल्या भांड्यांना चुंबक लावलं. माझ्या आईनं दिलेलं एकही भांडं चिकटेना. सगळी पोत्यात भरली.

"आन् आपन कशात रांधायचं?" मालकांनी विचारलं.

"मी निवडलेल्यात. माझी अक्कल मीच खाईन."

जीपनं साखऱ्याला, लेकीच्या सासरी गेले. विहीणबाईंनी पातेलं उलटं करून पाहिलं. "यावर तर तुमचं नाव. रोज ते वाचून जेवायचं व्हय?"

"वाचा. पन लेकीच्या भांड्यात पाव्हण्यांनाबी वाढा."

त्यांनी माझ्या हातातलं चुंबक घेतलं, एकेका भांड्याला लावून पाहिलं आणि आपल्याच कमरेला खोचलं.

"आजपासून पाव्हण्यांना ह्यातच वाढीन. पन चुंबक माझ्यापाशी ऱ्हाईल, विहीणबाई. तुमची धाकटी लेक अजून लग्नाची हाय."