जावयाचं घर नव्हे, गाडी

आमची कॅरव्हान मला कधीच आवडली नाही. जीपच्या मागे जोडायची ती पांढरी खोली नवऱ्याने हौसेने बनवून घेतली होती. सुट्टी मिळाली की कोकणात जाऊ, हंपीला जाऊ, असे बेत होते. दोनदा गेलो. मग ती नांदे गावातल्या आमच्या घराच्या अंगणात विटांवर टेकली आणि तिच्यात रद्दी साठू लागली.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला आई गेली आणि अण्णा, माझे वडील, परभणीकडे एकटे पडले. मी एकुलती एक. आमच्याकडे या म्हटलं की नुसती मान हलवायचे. मुलीला मूलबाळ होईपर्यंत आईबापाने तिच्या घरी जेवायचं नाही, मुक्काम करायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं, आणि होणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. अण्णांनाही ते माहीत होतं.

तोडगा नवऱ्याने काढला. "अण्णा, अंगणात कॅरव्हान आहे. ते काही घर नाही, गाडी आहे. पासिंग झालेली."

अण्णांचा जन्म एसटी चालवण्यात गेलेला. "गाडीत चालतंय," म्हणाले आणि ट्रंक घेऊन हजर झाले. सासरे-जावई एकमेकांवर खूश. मला नवऱ्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

डिसेंबरात नदीकडून धुकं यायला लागलं आणि कॅरव्हानने आपले गुण दाखवले. पातळ भिंती बाहेरून गारठलेल्या, आत माणसाचा श्वास आणि खिचडीची वाफ. सकाळी भिंतींवरून पाणी ओघळायचं, गादी खालून ओली लागायची. अण्णांना वाटायचं हे सगळं बाहेरच्या धुक्यामुळे होतंय. म्हणून त्यांनी हवेच्या झरोक्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. आतली वाफ आतच राहिली. मी बोळे काढून टाकायची, ते पुन्हा कोंबायचे. "थंडीत गाडीच्या काचा लावायच्या असतात," असं मलाच शिकवायचे. उशीवर बुरशीचे काळे ठिपके आले. आधी खोकला, मग छातीत घरघर. या ओलीत राहिले तर न्यूमोनिया होईल, असं डॉक्टरांनी बजावलं.

अंगण ओलांडलं की माझं कोरडं घर होतं. त्यात उन्हाची एक रिकामी खोली.

"अण्णा, आत चला."

"नाही बाई. रीत आहे."

"रीत मोडली तर कुणी मरत नाही. पाळलीत तर तुम्ही मराल."

"माझं मी बघतो."

माझ्या हातचा चहासुद्धा घेत नसत. स्वयंपाकघरात मला त्यांचा खोकला ऐकू यायचा आणि दर खोकल्याला ते मला सांगतायत असं वाटायचं, तुला मूल नाही, तुला मूल नाही. काळजी आणि संताप यांतलं काय जास्त होतं ते मला सांगता येणार नाही.

एके सकाळी नवरा त्यांना तपासायला घेऊन गेला. ज्यांच्याकडून आम्ही प्लॉट घेतला त्या शेजारच्या वहिनींचा ट्रॅक्टर मी बोलावला.

"म्हाताऱ्याला इचारलं का?" वहिनींनी विचारलं.

"विचारायचं काय त्यात?"

"लई तापट हायेस तू."

कॅरव्हान भुकूमच्या गॅरेजात रवाना झाली. ट्रंक मी उन्हाच्या खोलीत नेऊन ठेवली, धुतलेली चादर घातली.

अण्णा आले. विटांकडे बघत उभे राहिले. मग चपला काढून माझ्या घरात शिरले, पहिल्यांदाच. मला वाटलं, जिंकले. ते ट्रंक उचलून बाहेर आले, चपला घातल्या आणि धापा टाकत वहिनींच्या दारात गेले. कंपनीतल्या पोरांसाठी वहिनींनी भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या. मी मागोमाग गेले.

"खोली हाय," वहिनी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पर लेक हितंच ऱ्हाती न्हवं?"

"लेक दिलेली आहे," अण्णा म्हणाले. "भाडं सांगा."

खोली कोरडी होती. वहिनी भाकरी द्यायच्या, ती ते मुकाट्याने खायचे. संक्रांतीपर्यंत खोकला गेला. ते वाचावेत एवढंच मला हवं होतं, आणि ते वाचले.

एकदा कपडे वाळत घालताना वहिनी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "तुझा बा लई मायाळू हाय गं. माझ्या नातीला दिसभर मांडीवरनं उतरू देत न्हाईत."

मी "हो का" म्हणाले आणि चादर पिळत राहिले. ते आजारी होते तेव्हासुद्धा मला त्यांचा इतका राग आला नव्हता.