वाडग्यातली कुंती

बाबा आगबोटीवरची नोकरी सोडून रत्नागिरीला घरी आले ते जपानात पाहिलेली एक गोष्ट डोक्यात घेऊनच. तिथे म्हणे लोक बशीएवढ्या भांड्यात अख्खं झाड वाढवतात आणि घरात ठेवतात. महिन्याच्या आत त्यांनी कुंपणावरच्या कुंतीची एक फांदी चिनी मातीच्या बसक्या वाडग्यात रुजवली आणि तो वाडगा ओटीवरच्या खिडकीत मांडला.

पुढची चार वर्षं त्या कुंतीचे जे हाल झाले ते मी पाहिले आहेत. बाबा तिला तांब्याच्या तारेने जखडत, आईच्या शिवणाच्या कात्रीने शेंडे छाटत, दरवर्षी माती बदलताना मुळंसुद्धा कापत. आम्हा मुलींच्या वेण्यांकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नाही, पण तिच्या पानांवरची धूळ ते धोतराच्या सोग्याने पुसत. आईला हा सगळा छळ वाटे. ती त्याला झाड म्हणतच नसे, "तुमचा वाडगा" म्हणे. तिन्हीसांजेनंतर हिरव्या पानाला हात लावायचा नसतो, म्हणून दिवे लागले की बाबांना खिडकीपासून हाकलून देई.

मांडवीला बाबांचे बोटीवरचे जुने सोबती राहत. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. वाडगा पाहून ते म्हणाले होते की, याला फूल आलं तर मी तुमच्या घरापासून मांडवीपर्यंत उलटा चालत जाईन. बाबांना हे फार लागलं. घरच्यांच्या हसण्याची त्यांना सवय होती, पण बोटीवरच्या माणसाने हसावं हे सोसवेना.

चौथ्या श्रावणात कुंतीला नऊ कळ्या आल्या आणि एका संध्याकाळी त्या उमलायला लागल्या. हे फूल धड दिवसभरही टिकत नाही, म्हणून बाबांनी लगेच मांडवीला निरोप धाडला. सकाळी दाढी केली, पितळी बटणांचा कोट चढवला, छत्री घेऊन फाटकापर्यंत गेले आणि चाचांना ओटीवर घेऊन आले. खिडकीत नुसती पानं होती.

नऊच्या नऊ फुलं देवांच्या डोक्यावर जाऊन बसली होती. आई रोजच्यासारखी आंघोळ करून परडी घेऊन निघाली, बाहेर पाऊस कोसळत होता आणि फुलं तिला घरातच दिसली.

बाबांचा चेहरा असा उतरला की मला रडूच आलं. देवाला वाहिलेल्या फुलांवरून भांडायचं तरी कसं? त्यांनी चाचांना देवघराच्या दारापर्यंत नेऊन फुलं दाखवली. चाचा भले गृहस्थ, हसले नाहीत. असली फुलं तुमच्या कुंपणावर ढीगभर आहेत, एवढंच हळूच म्हणाले.

तेव्हा आई, जी परक्या पुरुषाशी कधी बोलत नसे, ती दाराआडून म्हणाली, "कुंपणाकडे गेले असते तर भिजले नसते का? लुगडं कोरडं आहे माझं. ही फुलं ह्यांच्या झाडाची. देवासमोर सांगते."

"वहिनी म्हणाल्या, संपलं," असं म्हणून चाचांनी छत्री उघडली आणि भर पावसात उलट्या पावलांनी पायऱ्या उतरायला लागले. ते पडू नयेत म्हणून बाबा त्यांचा हात धरून, वाटेतले खळगे सांगत, थेट मांडवीपर्यंत गेले.

दुपारी बाबा चिंब भिजून परतले. चाचा हरले त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. कोट पिळता पिळता मला मात्र दोनदा विचारलं, "ती झाड म्हणाली. ऐकलंस ना तू?"