चापानाच्या खिशातला रेझर

काराकोलमध्ये तोक्तोसूनला लोक दोन गोष्टींवरून ओळखतात. एक म्हणजे बिश्केकची बस तो तीस वर्षं चालवतोय आणि ती एकदाही वेळेवर पोचलेली नाही, कारण रस्त्यात कुणी हात केला की त्याचा पाय ब्रेकवर जातो. आणि बसमध्ये कुणी काही विसरलं, मग ती छत्री असो नाहीतर कोंबडी, तो ते शोधत त्या माणसाच्या दारापर्यंत नेऊन देतो. दुसरी गोष्ट म्हणजे त्याची हनुवटी. बर्फात, धुळीत, तापात, कधीही बघा, गुळगुळीत. ही हनुवटी त्याने बापाकडून घेतली होती.

बाप कादिराली टेलिफोनच्या तारा ओढायचा. डोंगरात खांबांवर चढून उभा जन्म गेला, पण खाली उतरला की आधी दाढी. पहिल्या पगारात त्याने तीन सुट्या भागांचा एक रेझर घेतला आणि तोच शेवटपर्यंत वापरला. मुठीला तडा गेला तेव्हा नवा घेतला नाही. टेलिफोनची तांब्याची तार काढली आणि मुठीला अशी घट्ट गुंडाळली की मूठ फुटायची विसरूनच गेली. तोक्तोसून लहान असताना बाप त्याच्याही गालाला फेस लावायचा, पातं न घातलेला रेझर त्यावरून फिरवायचा आणि म्हणायचा, "माझ्यामागे हा तुझा." पंचावन्न वर्षं झाली त्या गोष्टीला, पण असली वचनं पोरं विसरत नाहीत.

मागच्या शरदात कादिराली गेला. एक्क्याण्णव वर्षांचा होऊन, दाढी करून, चहा पिऊन गेला. असं मरण म्हणजे आळीला मानच. चाळिसाव्या दिवशी सगळे जमले ते त्याच्या वस्तू घ्यायला. एवढं जगलेल्या माणसाचा टोपी-पट्टाही घरात ठेवत नाहीत. लोक तो तेबेरिक म्हणून मागून नेतात आणि म्हणतात, "त्यांचं वय आम्हालाही लाभो." रुमालाचे तुकडे करावे लागले, इतकी मागणी होती. तोक्तोसून अंगणात कढईजवळ मटण वाढत होता. वाटप त्याची बायको बुरुल करत होती. कापूस भरलेला चापान, म्हणजे म्हाताऱ्याचा लांब कोट, तिने शेजारच्या अब्दिमोमून अक्साकालला, आळीतल्या वडीलधाऱ्याला, दिला.

संध्याकाळी तोक्तोसून फडताळापाशी गेला. ब्रश होता, वाटी होती. रेझर नव्हता.

"अगं, बाबांचा रेझर कुठाय?"

"तिथंच असेल की."

"नाहीये."

बुरुलने भांडी ठेवली आणि जरा विचार केला. "चापानाच्या खिशात एक पत्र्याची डबी लागली होती हाताला. मला वाटलं, नासवारची असेल."

"बाबांनी उभ्या जन्मात तंबाखू तोंडात घातला नाही!"

"मग खिशात डबी कशाला ठेवतात? आणि दर गुरुवारी तो चापान घालून चहाला जायचे अब्दिमोमूनकडे. भर उन्हाळ्यातसुद्धा! मी कधी विचारलं का, की अंगात कापूस कशाला?"

आता आली पंचाईत. दिलेलं तेबेरिक परत मागायचं म्हणजे त्या माणसाला सांगायचं, तुमची वर्षं परत द्या. असं मागणाऱ्याच्या दारात पुन्हा कुणी चहाला येत नाही. आणि रेझर गेला होता कुणाकडे? छातीपर्यंत पांढरी दाढी असलेल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याकडे. तोक्तोसूनला त्या दाढीचा इतका राग आला की रात्री जेवण गेलं नाही.

आठवडाभराने तो तंदूरच्या चार रोट्या घेऊन शेजारी गेला. अक्साकाल चुलीशी बसला होता. अंगात चापान, डोक्यावर पांढरा काल्पाक पार भुवयांपर्यंत ओढलेला.

"बसतो ना नीट चापान, अक्साकाल?"

"बसतो. आणि खिशात तुझ्या बापाचा रेझरही निघाला. देव भलं करो बुरुलचं."

"हो, पण तुम्हाला दाढी आहे."

"दिसते मला."

"म्हणजे म्हटलं, रेझरचा तुम्हाला काय उपयोग?"

"तुझ्या मावशीने त्याचे बूट नेले. तिचा पाय त्यात दोनदा मावेल. तिला विचारलंस का?"

तोक्तोसूनने रोट्या चुलीपाशी ठेवल्या. मग त्याला सुचलं, की रेझर निदान हातात तरी यावा. "जुना आहे हो तो. आटे गेलेत, पातं हलतं. द्या, नीट करून देतो."

म्हाताऱ्याने खिशातून डबी काढली, पण हातातच धरली. "परत आणशील?"

"आणीन."

"शब्द?"

"शब्द."

त्या रविवारी तोक्तोसूनने स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि रेझर सोडवला. खोबणीत बापाच्या साबणाचा थर दगडासारखा बसला होता. कोमट पाण्यात भिजवून, दातांच्या ब्रशाने घासून त्याने तो काढला. कळकलेल्या जागी व्हिनेगरचं बोट लावलं आणि लगेच धुतलं. वरचा मुलामा कधीच उडाला होता. खालचं पितळ पिवळं दिसत होतं, ते त्याने तसंच राहू दिलं. पात्याखालच्या जाळीचा एक दात वाकला होता, तो लाकडी चमच्याच्या टोकाने हळूच सरळ केला. तार सोडवून मुठीच्या आत बस डेपोतल्या टर्नरकडून पितळी नळी बसवून घेतली, नवे आटे पाडून घेतले, आणि तार पुन्हा जशीच्या तशी गुंडाळली, वेढ्यावर वेढा. पातं घालून मूठ पिळली तर ते जागचं हललं नाही. तोक्तोसूनच्या डोळ्यांत पाणी आलं. कांदा चिरत होती म्हणून बुरुलच्याही.

आता हा परत द्यायचा? जीव धजेना. गुरुवारी गाडी बिश्केकला लागली तेव्हा तो जुन्या बाजारात गेला. तिथे चादरीवर मांडलेल्या कुलपांत आणि पदकांत तस्साच रेझर सापडला. घरी आणून त्याने त्याचा मुलामा खरवडला, जाळीचा एक दात वाकवून पुन्हा सरळ केला, बसच्या वायरीतली तांब्याची तार काढून मुठीला गुंडाळली. खरा नीट करायला दोन दिवस लागले होते. खोट्याला चार लागले.

बुरुलने दोन्ही रेझर पाहिले आणि हात कमरेवर ठेवले. "कोंबडी परत द्यायला बर्फातून चालत गेलात ना तुम्ही? आणि आता म्हाताऱ्याला फसवताय?"

"वस्तू तीच आहे. गुण तोच."

"मग तुम्ही ठेवा की तो दुसरा!"

तोक्तोसून दोन्ही रेझर उचलून बाहेर पडला. खोटा उजव्या खिशात, खरा डाव्या. खरा घरी ठेवायचंही धाडस होईना, बुरुल काय करील याचा नेम नव्हता.

अक्साकालने रेझर हातात घेतला, खिडकीपाशी धरला. मूठ पिळून पाहिली. "छान केलंस," तो म्हणाला, आणि उठून दाराची कडी लावली.

तोक्तोसूनने डाव्या खिशावर हात दाबला. म्हातारा परत येऊन स्टुलावर बसला आणि त्याने काल्पाक काढला.

तोक्तोसूनने अब्दिमोमूनचं डोकं आजवर पाहिलंच नव्हतं. कुणीच पाहिलं नसावं. कानाच्या वर एक वाटीएवढा खड्डा होता आणि भोवताली दोन-अडीच महिन्यांचे पांढरे केस, कुठे उभे, कुठे आडवे, पीक कापायला कुणी न आल्यासारखे.

"बाविसाव्या वर्षी घोडीने लाथ मारली," अक्साकाल म्हणाला. "बायको होती तोवर डोक्याची हजामत तीच करायची. ती गेल्यावर बाजारातल्या न्हाव्याने दोनदा कापलं आणि चारचौघांत हसला. तेव्हा तुझा बाप म्हणाला, मी करतो, कुणाला कळणार नाही. दर गुरुवारी यायचा, शुक्रवारच्या नमाजाच्या आधी. चापानाच्या खिशात डबी घालून. तीस वर्षं. खड्डा कुठून सुरू होतो ते त्याच्या हाताला ठाऊक होतं."

दर गुरुवारी तोक्तोसून बिश्केकला असायचा, आणि बापाने त्याला याचा एक शब्द सांगितला नव्हता.

"तो गेल्यापासून मी टोपी काढली नाही. म्हटलं, रेझर तरी जवळ असू दे. तू तो मागत आलास तेव्हा वाटलं, विचारावं का याला. पण तोंड उघडेना." म्हाताऱ्याने रेझर पुढे केला. "घे. कादिरालीचा रेझर, कादिरालीचा पोरगा. पाणी गरम आहे."

तोक्तोसूनने तो घेतला. हातात बसची वायर लागली. त्याने तो टेबलावर ठेवला आणि डाव्या खिशात हात घातला.

"थांबा अक्साकाल. तो नव्हे. हा."

म्हाताऱ्याने एकदा या रेझरकडे पाहिलं, एकदा त्या. "दोन? किती कादिराली मेले रे?"

तोक्तोसूनने सगळं सांगितलं. बाजार, तार, चार दिवस. मान वर न करता सांगितलं. अब्दिमोमूनचे खांदे हलायला लागले. हसता हसता खोकला आला, तोक्तोसूनला पाणी द्यावं लागलं.

"मला बोलायची लाज आणि तुला मागायची," तो डोळे पुसत म्हणाला. "आणि बिचाऱ्या बाजारातल्या रेझरच्या अंगावर तार! कर आता. पाणी गार होईल."

पहिल्यांदा तोक्तोसूनचा हात जडच पडला. मग खड्ड्याच्या कडेला पोचल्यावर तो आपोआप हलका झाला, वळणावर बस हळू होते तसा. अर्ध्या तासाने डोकं हनुवटीइतकं गुळगुळीत झालं. कुठे रक्ताचा थेंब नाही.

"रेझर माझाच," अक्साकाल आरशात बघत म्हणाला. "तेबेरिक आहे. पण राहील तुझ्याकडे. रोज स्वतःची दाढी कर, म्हणजे धार आणि हात दोन्ही राहतील. गुरुवारी इकडे आण."

"गुरुवारी माझी गाडी असते."

"मग गाडी दुसऱ्याला दे. निदान एक दिवस तरी ती वेळेवर पोचेल."

तोक्तोसूनने रेझर पुसून डबीत ठेवला, डबी खिशात टाकली. डेपोत कुणाशी गुरुवार बदलून घ्यायचा याचा तो विचारही करू लागला होता.

"कानामागे वेळ लावलास मात्र," म्हातारा डोक्यावरून हात फिरवत म्हणाला. "तुझ्या बापाला चटकन जमायचं."

"बाबांनी तीस वर्षं केलं, अक्साकाल."

"मग तूही कर तीस वर्षं."

"तीस वर्षांनी तुम्ही एकशे चौदाचे व्हाल!"

"मग?" अब्दिमोमूनने काल्पाक डोक्यावर ठेवला, या वेळी जरा मागे सरकवून. "तेबेरिक काय उगाच घेतलं?"