माह्या जीपले रिव्हर्स नाही

दारव्हा रोडवर पंचवीस वर्षं जीप चालवून राह्यलो, अन् पुराच्या पाण्यातून गाडी काढाची त बबननंच, असं अख्खा रोड म्हणते. अख्खा रोड म्हणजे मी एकटाच म्हणतो, बाकीचे ऐकून घेतात... चालत्या जीपमधून उतरून कुठं जातीन?

मी हे लिहून नाही राह्यलो. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो, तेही दोनदा. मोबाईलले सांगतो अन् तो लिहिते. वेडंवाकडं लिहिलं त त्याले बोला. भाची म्हणे, मामा, या ग्रुपवर लोकं आपले अनुभव टाकतात, तुमचाही टाका. म्या आधी दहा-बारा ऐकले. विहिरीवरची बाई, पिपळावरचा बुवा, पाय उलटे, अमकं-ढमकं. एकही पटला नाही. माह्या अंगात धड ताप येत नाही, देवी कुठून येईन? मसणातून शॉर्टकट मारणारा माणूस आहो मी. मले भेव वाटते ते फक्त आरटीओचं अन् शोभाचं. शोभा म्हणजे माही बायको.

तरी सांगतो. तुमाले पटो का नाही पटो, मले काही फरक नाही.

पहिले जीप समजून घ्या. माह्या जीपले रिव्हर्स नाही. चार वर्षांमागं रिव्हर्सच्या गिअरचे दाते झडले. दारव्ह्याच्या सलीम मिस्तरीनं गिअरचा डबा खोलला, तो गिअर काढला अन् माह्या हातात ठेवला. म्हणे, "ये अब मिलता नहीं. तेरे को आगे जाना है ना? पीछे कायको जाता?" मले ते पटलं. तवापासून मागं घ्याचं काम पडलं का पाशिंजर उतरतात अन् ढकलतात. नवा माणूस बसला त म्या पहिलेच विचारतो, जेवून आला ना भाऊ?

आता तो गिअर. मुठीएवढा, पण वजनदार. शोभाले म्हटलं भंगारात टाकू. ते म्हणे, थांबा. आमच्या घरी एक बोका येते, शेजाऱ्याचा, लय चालू. दुधाच्या गंजावरचं, म्हणजे पातेल्यावरचं, झाकण पाडते. शोभानं तो गिअर झाकणावर ठेवला, अन् बोक्याचा धंदा बंद झाला. चार वर्षं झाले, शोभा त्या गिअरले रोज भांड्यासंग घासते. माह्या जीपपेक्षा तो गिअर चकचकीत आहे. हे ध्यानात ठेवा, मंग काम पडन.

मागच्या साली, पोळ्याले आठक दिवस असतीन. तीन दिवस झड लागली होती. आमच्या गावाहून दारव्ह्याले जातानी दोन किलोमीटरवर एक नाला लागते. त्याच्यावर रपटा आहे, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल. पाणी वाढलं का वरूनच जाते, अन् रस्ता बंद.

त्याच दिवशी देवरावच्या पल्लवीले दारव्ह्याले जाणं होतं. देवराव माह्या घरामागं राह्यते. पोरीनं नर्सिंगसाठी तीन साल फारम भरला, तिसऱ्या साली नंबर लागला. कागदपत्र दाखवाचा आखरी दिवस, चार वाजेपर्यंत. नाही पोचलं त सीट दुसऱ्याले. आदल्या दिवशी देवराव पानठेल्यावर तोंड पाडून उभा होता, एसटी बंद झालती. दहा माणसं ऐकून राह्यले, मंग मी काय चूप बसतो? म्हटलं, देवराव, पोरीले कालेजच्या दारात उतरवतो, नाही उतरवलं त मिशी काढतो. मले मिशी नाही, तरी कोणी टोकलं नाही, एवढी त्याले गरज होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता निघालो. समोर देवराव अन् पल्लवी, पोरीनं कागदं प्लास्टिकच्या तीन पन्न्यांमधी गुंडाळून छातीशी धरले होते. मागं गोदाबाई अन् चार पाशिंजर. गोदाबाई आमच्या गावची म्हातारी, गुडघे गेलेले, जीभ साबूत.

रपट्यावर पोचलो त आमच्या गावचा कोतवाल, सुधाकर, बाभळीच्या काट्या आडव्या टाकून उभा. हातात छत्री, गळ्यात शिट्टी. पोट्ट्याचं वजन पंचेचाळीस किलो असन, छत्रीसकट. तो म्हणे रस्ता बंद आहे, तहसीलचा हुकूम आहे. म्या पाह्यलं, पाणी रपट्यावर गुडघ्याच्या खाली दिसत होतं. म्हटलं, एवढ्या पाण्यात त माही जीप आंघोळ करते. तो म्हणे, बबनभाऊ, दोन घंटे थांबा, उतरन. पण दोन घंट्यानं पोरीचं काय? तिनं माह्याकडं पाह्यलं.

"काका, जमन ना?"

"मी आहो ना, पोरी."

मागून गोदाबाई बोलली, "तू आहेस म्हणूनच विचारून राह्यली ते."

मागचे चार जण गुपचूप उतरले अन् वर पळसाखाली जाऊन उभे राह्यले. गोदाबाईले म्हटलं, तू बी उतर. ते म्हणे माह्यानं चढणं-उतरणं होत नाही, मरीन त बसून मरीन. म्या काट्या बाजूले सारल्या, फक्त गाडीपुरती फट केली. सुधाकरनं शिट्टी वाजवली, मंग तहसीलले फोन लावला. मी जीप पाण्यात घातली.

माही चूक. काय लपवाचं त्याच्यात. पोरीसाठी गेलो असं मी सगळ्यांले सांगतो, पण अर्धा त पानठेल्यावरच्या दहा जणांसाठी गेलतो.

पंधरा-वीस फूट गेलो असन, पाण्याचा आवाज बदलला. आधी खळखळ होती, आता घुंऽऽ असा. पाणी पायात आलं. पल्लवीनं कागदं डोक्यावर धरले. देवरावनं माही मांडी अशी धरली का चार दिवस निळी होती. अन् मंग समोरचं डावं चाक खाली गेलं. गचका नाही, दणका नाही. कोणी खालून पाट काढून घ्यावा तसं.

"काका, मागं घ्या," पल्लवी म्हणे.

"मागं कुठून घेईन ते," गोदाबाई म्हणे, "त्याची मागं जातच नाही."

मले सगळं माहीत होतं. पण हाताले कुठं अक्कल असते? हात गेला गिअरच्या दांड्यावर, अन् दांडा गेला रिव्हर्सच्या घरात. तीन वर्षं तिथं दांडा टाकला का म्हाताऱ्याच्या दाढेसारखा लटलट हालते. त्या दिवशी... खट्ट. लागला. म्या क्लच सोडला, अन् जीप मागं निघाली.

एक सांगतो. रिव्हर्स होता तवाही मले मागं घेता येत नव्हतं. एकडाव ग्रामपंचायतीचा नळ पाडला, एकडाव सासऱ्याचं तुळशीवृंदावन. त्या दिवशी म्या मागं पाह्यलंच नाही, डोळे मिटून घेतलते... खोटं कायले बोलू. जीप सरळ रेघेत मागं गेली. पाण्यातून बाहेर, मंग चढाव, पुरा साठ-सत्तर फूट, अन् काट्यांमधी म्या सोडलेल्या फटीतून. एक काटा लागला नाही. सुधाकरच्या बाजूले जाऊन उभी राह्यली. तो अजून फोनवरच होता. तहसीलवाल्याले म्हणत होता, "नाही साहेब, गेली होती... आता परत आली."

एक बिडी ओढून होईन एवढा वेळ गेला असन. मंग रपट्याचा मधला तुकडा, आमी होतो तिथंच, चहात पडल्या बिस्किटासारखा बसला अन् गेला. तिथून मंग निस्तं पाणी.

देवरावनं हात जोडले. आता मले ऐट आली. म्हटलं, पाह्यलं का? अन् सगळ्यांले दाखवाले दांडा पुन्हा रिव्हर्समधी टाकला. लटलट. पुन्हा टाकला. लटलट. शेवटी गावाकडं तोंड कराले देवराव, सुधाकर अन् पळसाखालच्या चौघांनी रोजच्यासारखी जीप ढकलली. गोदाबाई आत बसूनच "अजून जरा, अजून जरा" करत होती.

पल्लवी रडली नाही. तेच मले जास्त लागलं. कागदं मांडीवर ठेवून पुसत होती, कोरडेच होते तरी पुसत होती. गावात येऊन मारुतीच्या पारावर रेंज पकडली अन् कालेजले फोन लावला. मी बाजूलेच उभा होतो. तिकडून सांगतलं का कागदं पाह्यणारे सरच दुसऱ्या नाल्यावर अडकले, आज कोणाचंच होत नाही, रस्ते सुरू झाले का या. पोरगी मटकन पारावर बसली, अन् तवा रडली. आज पल्लवी नर्सिंगच्या दुसऱ्या सालाले आहे. माही मिशी पण वाचली.

सांजेले घरी गेलो त शोभा दारात. पुराचं काही विचारलं नाही. म्हणे, "जातानी वजन घेऊन गेलते काय तुमी?" म्हटलं, कोणतं वजन? म्हणे, दुधावरचं. दीड वाजता नळाचं पाणी भराले बाहेर गेली, परत येते त झाकण खाली, बोका गंजात तोंड घालून, अन् गिअर कुठंच नाही. चुलीमागं पाह्यलं, मोरीत पाह्यलं, नाही. संध्याकाळी चहा ठेवाले गेली त गिअर झाकणावर, जागच्या जागी. तिले वाटलं म्या नेला अन् गुपचूप आणून ठेवला.

म्या आत जाऊन पाह्यलं. रोज घासला जाणारा गिअर. त्याले काळं ऑइल लागलं होतं. ताजं. बोट लावून वास घेतला... गिअर ऑइलचा वास मले अत्तरापेक्षा जास्त कळते. दुसऱ्या दिवशी सुधाकरच्या मोबाईलमधी तहसीलच्या फोनचा टाइम पाह्यला. एक वाजून बत्तीस मिनिटं.

आठ दिवसांनी सलीमकडं जीप नेली, म्हटलं डबा खोल. त्यानं खोलला, बॅटरी मारली, मले डोकं आत घालाले लावलं. रिव्हर्सच्या गिअरची जागा खाली. "कुछ है ही नहीं इधर," तो म्हणे, "तू पीके तो नहीं गया था?" मी पेत नाही. मले बिनपेताच एवढं सुचते.

आता लोकांचं ऐका. शाळेचे सर म्हणतात पाण्याच्या दाबानं जीप मागं आली. सर, पाणी डावीकडून उजवीकडं जात होतं, जीप चढावावर मागं गेली. पाणी चढाव चढते काय? मंग म्हणतात त्या चौघांनी ओढली. चौघं सत्तर फुटांवर पळसाखाली होते, त्याईले विचारा. दुसरीकडून देवभोळी माणसं. एक जण जीपसमोर नारळ फोडाले आला, एकानं बोनेटले हळदी-कुंकू लावलं. म्या पुसून टाकलं. म्हटलं, कळंबच्या गणपतीले जा, तिथं रांग आहे, पुजारी आहे, माह्या जीपपाशी कायले येता? मी सरांचंही मानत नाही अन् या देवभोळ्यांचंही मानत नाही. ज्याले खोटं वाटते त्यानं यावं. जीप घरासमोर उभी आहे, डबा खोलून पाहा. गिअर दुधावर आहे, उचलून पाहा. कसं झालं ते मले माहीत नाही, अन् माहीत आहे असं सांगणाऱ्यालेही माहीत नाही.

लोकं म्हणतात, तोच गिअर परत बसव. नाही बसवत. दाते नाहीत त्याले. फक्त एवढं आहे का आता सुधाकर काट्या घेऊन निघाला, का तो नाल्यावर पोचाच्या आधी माही जीप घरी उभी राह्यते. हे पानठेल्यावर सांगू नका.

हे सारं मोबाईलले सांगून राह्यलो, त शोभा आतून ऐकत होती. म्या तिले विचारलं, तुले काय वाटते, कोणी घेतली असन जीप मागं? ते दुधाचा गंज घासत होती, मान वर नाही केली.

"त्या लोखंडाले समजलं का मागं फिरा लागते, तुमाले नाही समजलं. उद्यापासून जीपवर त्याले पाठवा, अन् दुधावर तुमी बसा."