पत्र्यावरचा खराटा

केलूद हा ज्वालामुखी डोंगर गुरगुरला रे गुरगुरला, की सार्पिन शिडी खांद्यावर टाकून सुटतो. आधी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या छपरांवरची राख झाडायची, मग शेजाऱ्यांच्या, स्वतःच्या छपरावरची अगदी शेवटी. बायको लास्मिनी करवादते, "झाडा गावाची कौलं! आपलं छप्पर कोसळलं की मला उकरून काढायला या!" हा बाबा पुढच्या छपराला शिडी लावतो. आपलं आधी म्हणणार तरी कुठल्या तोंडाने?

मागच्या खेपेला डोंगर फुटला तेव्हा दिवस उजाडलाच नाही. राख नुसती चाळणीतून पडावी तशी पडत होती. कोरडी आहे तोवरच ती झाडायची, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. तिला पाऊस लागला की तिचा गिलावा होतो, मग वासे कसले टिकतायत! शेजारची म्बा वागिरा, एकटीदुकटी आजी, फणसाखाली तोंडाला पदर लावून खोकत बसली होती. तिचं छप्पर झाडायचं सार्पिनने कबूल केलं होतं.

"झालं का रे माझं?" तिने चौथ्यांदा विचारलं.

"झालं, म्बा, झालं! जा, पड जरा आत!" सार्पिन वैतागून ओरडला.

ओरडला ते स्वतःच्या गोठ्यावरून. गाय गाभण होती. म्हटलं, एवढा पत्रा उरकतो आणि जातोच की तिच्याकडे. पण पाऊस त्याच्या आधी पोचला.

कौलांखालून म्हातारीला त्यानेच उपसून काढलं. जीव वाचला, कंबर कायमची गेली. आणि गावाने वर याचंच कौतुक केलं, म्हातारीला वाचवलं म्हणून! कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला अजून वाटतं.

तेव्हापासून तिचा भात रोज तोच नेऊन देतो. काल मात्र त्याला राहवलं नाही.

"म्बा, त्या दिवशी मी खोटं बोललो. तुझं छप्पर मी झाडलंच नव्हतं."

म्हातारी बोळक्या तोंडाने हसली. "मला सांगतोस? कौलावरचा खराटा कुठला आणि पत्र्यावरचा कुठला, एवढं कळत नाही होय मला? पडल्या पडल्या ऐकत होते की तुझी गोठ्यावरची खरखर."

सार्पिन पुढे सरकला. "मग बाहेर का नाही आलीस गं?"

"म्हटलं, गोठा झाला की येशीलच," ती म्हणाली, आणि त्याने आणलेला भात कालवायला लागली.